मारिया सिबिला मेरियन

मारिया सिबिला मेरियन (२ एप्रिल १६४७ – १३ जानेवारी १७१७) या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकार व निसर्ग-अभ्यासक होत्या. अंडी, सुरवंट, कोष आणि फुलपाखरू या अवस्था खाद्यवनस्पतीसह एकाच चित्रात दाखवण्याच्या पद्धतीसाठी त्या ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन

मेरियन यांचा जन्म फ्रँकफुर्ट येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर सावत्र वडील याकोब मारेल या पुष्पचित्रकाराकडे त्या चित्रकला शिकल्या. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी रेशमाचे किडे पाळून त्यांची निरीक्षणे सुरू केली. कीटक चिखलातून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असा समज त्या काळी रूढ होता. सुरवंटांवरील त्यांचा पहिला ग्रंथ १६७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

सुरिनाममधील वास्तव्य

१६९१ मध्ये त्या ॲमस्टरडॅमला स्थायिक झाल्या. तेथील संग्रहांत परदेशी फुलपाखरे होती. परंतु ती कशी जन्मतात व काय खातात, याची माहिती नव्हती. ती मिळवण्यासाठी १६९९ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, त्या धाकटी मुलगी डोरोथिया हिच्यासह सुरिनाम या डच वसाहतीत स्वखर्चाने गेल्या. साखरेखेरीज कशातच रस नसलेल्या मळेवाल्यांनी त्यांची थट्टा केली. स्थानिक आदिवासी व गुलाम स्त्री-पुरुषांनी मात्र जंगलात वाट काढून देणे, कीटक आणून देणे आणि वनस्पतींचे उपयोग सांगणे अशी मदत केली. महाराष्ट्रात शंकासूर या नावाने परिचित असलेल्या झाडाच्या बिया गुलाम स्त्रिया गर्भपातासाठी वापरतात, आपली मुले गुलामीत जन्मू नयेत हा त्यामागील हेतू असतो, अशी नोंद त्यांनी केली. आजारपणामुळे १७०१ मध्ये त्यांना परतावे लागले.

ग्रंथ व त्याची विश्वासार्हता

सुरिनामी कीटकांच्या रूपांतरावरील, ६० चित्रपटांचा त्यांचा ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्रात पेरूच्या फांदीवर मोठा कोळी गुंजन पक्ष्याला खाताना दिसतो. एकोणिसाव्या शतकात काही अभ्यासकांनी हे चित्र कपोलकल्पित ठरवले व त्यामुळे संपूर्ण ग्रंथाविषयी शंका घेतली. पुढे हेन्री वॉल्टर बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात कोळ्याने पकडलेले लहान पक्षी प्रत्यक्ष पाहिले आणि १८६३ च्या आपल्या ग्रंथात तसे नमूद केले. मेरियन यांची सर्वच विधाने मात्र टिकली नाहीत. लँटर्नफ्लाय हा कीटक रात्री प्रकाश देतो, हे त्यांचे म्हणणे चुकीचे ठरले.

वारसा

कार्ल लिनिअस यांनी अनेक जातींचे वर्णन करताना मेरियन यांच्या चित्रांचा आधार घेतला. जर्मनीच्या ५०० मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले गेले होते.