नाही म्हणत म्हणत आयपॅड आणणारे स्टीव्ह जॉब्स

जानेवारी २०१०. ॲपल टॅबलेट आणणार की नाही, यावर नागपुरात आमच्या कट्ट्यावर रोज वाद. धरमपेठेत तर्री-पोहे खाता खाता मी ठासून सांगायचो की नाही आणणार. मित्राचं म्हणणं, आणणारच. नेटबुकसाठी पैसे साठवले होते. ते घेऊन टाकायचं की थांबायचं, हे या वादावर अडलं होतं.

माझा पुरावा भक्कम होता. टॅबलेट काढायचा आमचा बेत नाही, लोकांना कीबोर्ड हवा असतो, असं २००३ मध्ये खुद्द स्टीव्ह जॉब्स यांनी एका परिषदेत सांगितलं होतं. मालकच नाही म्हणतोय, मग विषय संपला ना?

नव्हता संपला. त्यांचं आयुष्य नंतर वाचलं, तेव्हा कळलं.

जन्म २४ फेब्रुवारी १९५५, सॅन फ्रान्सिस्को. पॉल आणि क्लारा जॉब्स यांनी त्यांना दत्तक घेतलं. कॉलेज अर्धवट सोडलं, १९७४ मध्ये भारतात भटकून गेले, १९७६ मध्ये ॲपल सुरू केली. हे बहुतेकांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते १९८३ मधलं भाषण. पुस्तकासारखा हातात धरता येईल, २० मिनिटांत शिकता येईल आणि वायरशिवाय जोडला जाईल असा कॉम्प्युटर बनवायचाय, हे तेव्हाच सांगून झालं होतं. वय २८!

पण १९८५ मध्ये त्यांना ॲपल सोडावी लागली. त्यांच्या मागे, १९९३ मध्ये, कंपनीने न्यूटन नावाचं हातात धरायचं यंत्र आणलं. १९९७ मध्ये ते परतले आणि पुढच्याच वर्षी न्यूटन बंद. स्टायलस, म्हणजे ती पेनासारखी काडी, त्यांना अजिबात आवडायची नाही. बोटं असताना काडी कशाला?

खरी गंमत पुढे आहे. बोटांनी चालणाऱ्या काचेच्या स्क्रीनवर ॲपलमध्ये काम सुरू झालं, ते टॅबलेटसाठीच. नमुना पाहिल्यावर जॉब्सना वाटलं, यातून आधी फोन होईल. टॅबलेट बाजूला ठेवला. २००७ मध्ये आयफोन आला. म्हणजे तुमच्या हातातल्या टचस्क्रीन फोनचा पूर्वज एक न निघालेला टॅबलेट आहे!

दरम्यान, २००३ च्या अखेरीस त्यांच्या स्वादुपिंडात गाठ सापडली होती. २००९ मध्ये यकृत बदलावं लागलं. आम्ही पोह्यांवर पैजा लावत होतो तेव्हा त्या माणसाकडे वेळ किती उरला होता, हे आमच्या गावीही नव्हतं.

२७ जानेवारी २०१० ला ते मंचावर आले, खूप बारीक झालेले. सोफ्यावर बसून आयपॅड चालवून दाखवला. किंमत ४९९ डॉलरपासून. मी पैज हरलो. भारतात तो यायला मात्र जानेवारी २०११ उजाडला, २७,९०० रुपयांपासून. तोवर माझे पैसे कधीच नेटबुकमध्ये गेले होते.

५ ऑक्टोबर २०११ ला, वयाच्या ५६ व्या वर्षी जॉब्स गेले. जाण्याच्या वर्षभर आधी त्यांनी सात इंची टॅबलेटचीही टर उडवली होती. २०१२ मध्ये ७.९ इंची आयपॅड मिनी आला. २०१५ मध्ये ॲपलची पेन्सिलही आली. मित्राने लगेच फोन करून मला ती काडी आठवून दिली.