पवनारचा पहिला सत्याग्रही : आचार्य विनोबा भावे



हल्ली टीव्हीवर, मोबाईलवर मुलं युद्धाच्या बातम्या पाहतात आणि वर्गात येऊन प्रश्न विचारतात. मागे चौथीतल्या एका मुलानं मला विचारलं, की इतक्या लांबचं युद्ध थांबावं म्हणून आपल्या सास्तूरसारख्या गावातला माणूस काय करू शकतो? खरं सांगतो, मला लगेच उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर विनोबा आठवले. विनोबा म्हटलं की आपण भूदान सांगतो आणि तिथंच थांबतो. पण त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी एका खेड्यात उभं राहून महायुद्धाला विरोध केला होता. आज तो भाग पाहू या.

बालपण आणि शिक्षण

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. आई रुक्मिणीबाई भक्तिमार्गी होत्या. संतांचे अभंग मुलाच्या कानावर पडले ते आईच्या तोंडून. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेलं. विनायक गणितात हुशार होता, पण नोकरीसाठी शिकणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. त्यानं आपली प्रमाणपत्रं चुलीत टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. तिथून गांधीजींशी पत्रव्यवहार केला आणि जून १९१६ मध्ये अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचला.

१९२१ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम सांभाळायला पाठवलं. त्यानंतरची जवळजवळ वीस वर्षं सूतकताई, विणकाम, सफाई, अध्ययन आणि शिकवणं यातच गेली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९३८ पासून ते वर्ध्याजवळ धाम नदीकाठी पवनारला राहू लागले. गांधीजींच्या जवळच्या मंडळींना त्यांची योग्यता माहीत होती, पण देशात त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

न विचारता लादलेलं युद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. भारतातल्या एकाही लोकनियुक्त प्रतिनिधीला विचारलं नव्हतं. निषेध म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. सैन्यभरती वाढली, गावोगावी युद्धनिधी गोळा होऊ लागला. आपलं सास्तूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि निजाम इंग्रजांच्या बाजूनं होता. म्हणजे इथल्या माणसालाही कुणी विचारलं नव्हतं.

इथं मुलं एक शंका काढतात. हिटलर तर दुष्ट होता, मग युद्धाला विरोध कशाला? शंका बरोबर आहे. हिटलरचा जुलूम काँग्रेसलाही मान्य नव्हता. स्वातंत्र्य मिळालं तर मदत करू, असं म्हणणारे नेतेही तिच्यात होते. गांधीजी आणि विनोबांना मात्र कोणतंच युद्ध मान्य नव्हतं. युद्धाविरुद्ध शांतपणे बोलण्याची मोकळीक गांधीजींनी मागितली. सरकारनं ती नाकारली आणि मग वैयक्तिक सत्याग्रह ठरला. इंग्रज संकटात असताना मोठं आंदोलन करून त्यांची कोंडी करायची नाही, म्हणून एकेकट्यानं सत्याग्रह करायचा.

१७ ऑक्टोबर १९४०

पहिला सत्याग्रही म्हणून सगळ्यांना जवाहरलाल नेहरू अपेक्षित होते. गांधीजींनी निवडलं विनोबांना. हे विनोबा कोण, हे गांधीजींना लेख लिहून देशाला सांगावं लागलं!

लपूनछपून काही नव्हतं. सत्याग्रह आधीच जाहीर केलेला होता. त्या दिवशी पवनारच्या गावकऱ्यांपुढे विनोबा बोलले. या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, युद्धाचा विरोध अहिंसेनंच केला पाहिजे, हे त्यांनी साध्या भाषेत समजावलं. कुणाला शिवी नाही, कुणाचा द्वेष नाही. नंतर ते आजूबाजूच्या गावांत जाऊन हेच सांगत राहिले. २१ ऑक्टोबरला देवळी इथं त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा तेच केलं. या सत्याग्रहात ते तीनदा तुरुंगात गेले.

दुसरे सत्याग्रही नेहरू. त्यांना तर सत्याग्रहाआधीच पकडून चार वर्षांची शिक्षा दिली. पुढे देशभर वीस हजारांहून अधिक माणसं याच मार्गानं तुरुंगात गेली.

मग उपयोग काय झाला?

युद्ध थांबलं नाही. ते १९४५ पर्यंत चाललं. मुलांपासून हे लपवू नये. पण मला वाटतं, आम्हाला विचारलं नाही, हे सत्य सरकारला झाकता आलं नाही. निःशस्त्र माणसाच्या साध्या बोलण्यासाठी त्याला तुरुंग वापरावा लागला. आणि खेड्यातल्या माणसाला कळलं, की न घाबरता, हात न उगारता नाही म्हणता येतं.

विनोबांच्या त्या एका भाषणामागे वीस वर्षांचं रोजचं काम होतं. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आलं. १९५१ मध्ये पोचमपल्लीला जमीन मागितली तेव्हाही लोकांनी ऐकलं ते याच वजनामुळे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारलाच त्यांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी ही गोष्ट सांगितली. १९९३ च्या भूकंपात आपल्या सास्तूरसाठी लांबलांबची, आपल्याला कधी न पाहिलेली माणसं धावून आली होती, याचीही आठवण करून दिली. लांबच्यांचं दुःख आपलं मानता येतं, ते असं.

वर्गात एक उपक्रम घ्या. न पटणारी एखादी गोष्ट मुलांना उभं राहून सांगू द्या. अट एकच : आवाज चढवायचा नाही, कुणाला नावं ठेवायची नाहीत. पालकांनी घरीही करून पाहावा. सोपं वाटतं, पण मोठ्यांनाही जड जातं.