सिग्नल देणारा शास्त्रज्ञ : एड्सगर डायक्स्ट्रा

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. संगणकशास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, असे कोणी विचारील. पण या थोर माणसाशी माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. ती माझ्या मामांवर आलेल्या एका प्रसंगातून झाली. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

माझे मामा निपाणीजवळच्या एका पतसंस्थेत नोकरीला आहेत. तिथे दोन खिडक्या. एकीवर मामा बसतात, दुसरीवर एक कन्नड गृहस्थ, ज्यांना मामा अण्णा म्हणतात. दोन्ही खिडक्यांवरचे संगणक एका तारेने जोडलेले आणि प्रोग्रॅम कोणीतरी घरगुती करून दिलेला. एके दिवशी एका तंबाखू व्यापाऱ्याने मामांकडे दोन हजार रुपये भरले. नेमक्या त्याच क्षणी त्याच्या भावाने त्याच खात्यात अण्णांकडे पाचशे भरले. मूळ शिल्लक दहा हजार होती. ती साडेबारा हजार व्हायला हवी होती, पण खात्यावर साडेदहा हजारच दिसू लागले. पावतीवर मामांची सही आणि शिक्का, पण खात्यात रक्कम नाही! याचा अर्थ काय निघणार, हे आपणा वाणिज्यवाल्यांना सांगायला नको.

पुढे पैसे सापडले. त्या संध्याकाळी गल्ल्यात दोन हजार जास्त भरले होते आणि ते सस्पेन्स खात्यात पडून होते. चोरीचा संशय गेला, पण निष्काळजीपणाचा शेरा राहिला. तोच प्रोग्रॅम दहा वेळा चालवून पाहिला, दहाही वेळा हिशेब बरोबर आला. मग यंत्र निर्दोष आणि माणूस दोषी, असे ठरले. आपल्या सीमाभागात संशयाला भाषेचे वळण लागायला वेळ लागत नाही. कोणी म्हणे, अण्णांनी मुद्दाम केले. कोणी म्हणे, मामा त्यांच्यावर ढकलतात. बारा वर्षे एका डब्यातून जेवणारी ही दोन माणसे महिनाभर एकमेकांशी बोलली नाहीत.

हे सारे मी आमच्या महाविद्यालयातील संगणकाच्या सरांना सांगितले. सरांनी फळ्यावर दोन बाण काढले. दोन्ही यंत्रांनी एकाच क्षणी दहा हजार ही शिल्लक वाचली. मामांच्या यंत्राने दोन हजार मिळवून बारा हजार लिहिले. पाठोपाठ अण्णांच्या यंत्राने आपल्याजवळच्या दहा हजारांत पाचशे मिळवून त्यावरच साडेदहा हजार लिहिले. बेरीज दोघांचीही बरोबर, पण मधला क्षण चुकला. याला रेस कंडिशन, म्हणजे शर्यतीची स्थिती, म्हणतात. ती पुन्हा घडवून दाखवणे फार कठीण, कारण तो क्षण पुन्हा जुळून येत नाही. मग सर म्हणाले की या दुखण्यावर ज्याने आयुष्य वेचले, त्या माणसाविषयी वाच. तो माणूस म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा.

डायक्स्ट्रा यांचा जन्म 11 मे 1930 रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिताची जाणकार. लायडन विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकत होते. 1951 साली, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या आजच्या वयाचे असताना, ते केंब्रिजला प्रोग्रॅमिंगच्या एका छोट्या अभ्यासक्रमाला गेले. पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. त्या काळी हा धंदा इतका अनोळखी होता की 1957 साली लग्नाची नोंद करताना अधिकाऱ्यांनी प्रोग्रॅमर हा व्यवसाय मान्यच केला नाही. शेवटी कागदावर भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले! नकाशावरील दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग काढण्याची त्यांची प्रसिद्ध रीत याच सुमाराची. ती त्यांना 1956 साली कॉफी पिता पिता सुचली आणि 1959 साली छापली गेली.

परंतु माझ्या मामांच्या प्रश्नाशी नाते आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाचे. गणित केंद्रातील त्यांचे सहकारी लूपस्ट्रा आणि शोल्टन यांनी एक्स-1 हा नवा संगणक आखला. त्यात एक सोय होती. टंकयंत्रासारखे बाहेरचे यंत्र मध्येच संगणकाला हाक मारून त्याचे चालू काम थांबवू शकत असे. याला इंटरप्ट म्हणतात. डायक्स्ट्रा प्रथम या कल्पनेला घाबरले आणि काही काळ त्यांनी ती अडवूनही धरली. हाक कोणत्या क्षणी येईल हे ठरलेले नसेल, तर घडलेली चूक पुन्हा घडवून शोधणार कशी, ही त्यांची धास्ती होती. जी गोष्ट पतसंस्थेत कोणाच्या ध्यानी आली नाही, ती त्यांना चूक होण्यापूर्वीच दिसली होती. पण ते भीतीपाशी थांबले नाहीत. इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला आणि 1959 साली याच विषयावर डॉक्टरेट मिळवली.

दोन कामे एकाच वस्तूला एकाच वेळी हात लावू नयेत, अशी तजवीज दोघांपुरती कशी करावी, हे डेकर या त्यांच्या सहकाऱ्याने प्रथम दाखवले. कितीही कामे असली तरी ती कशी करावी, हे डायक्स्ट्रा यांनी 1965 साली जेमतेम एका पानाच्या लेखात सिद्ध केले. त्याआधी 1962 साली ते आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. तिथे त्यांनी या तजविजीला सोपे रूप दिले आणि रेल्वेच्या हात असलेल्या सिग्नलवरून त्याला सेमाफोर हे नाव ठेवले.

मला हे चटकन समजले ते आजोबांमुळे. मिरज-बेळगाव लोहमार्ग एकेरी होता त्या काळी आजोबा आगगाडीने येत-जात. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकन आल्याखेरीज गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे, आणि एका टप्प्याचे एका वेळी एकच टोकन बाहेर निघे. समोरची गाडी मग स्टेशनात थांबून राही. सेमाफोर हेच करतो. खाते वाचण्यापूर्वी टोकन घ्या, लिहून झाल्यावर परत करा. मामांच्या आणि अण्णांच्या मध्ये असे एक टोकन असते, तर दोन हजार हरवलेच नसते.

अर्थात टोकनाचेही धोके आहेत. दोघांनी एकेक टोकन धरून दुसऱ्याच्या टोकनाची वाट पाहिली, तर दोघेही जागीच थिजतात. 1965 साली डायक्स्ट्रा यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत याच धर्तीचा प्रश्न घातला होता. पुढे तो पाच तत्त्वज्ञ आणि पाच काटे यांची गोष्ट म्हणून जगभर शिकवला जाऊ लागला.

आज प्रत्येक संगणकात नेटवर्क कार्ड असते. तारेवरून माहिती आली की ते इंटरप्टची हाक देते आणि ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम ती माहिती रांगेत लावतो. त्याच वेळी संगणकाचा दुसरा भाग त्या रांगेतून माहिती उचलत असतो. म्हणून रांगेला कुलूप हवे. पण कुलूप हाती असताना त्याच ठिकाणी पुन्हा हाक आली आणि हाकेचे कामही त्याच कुलपासाठी थांबले, तर सारे कायमचे अडते. यासाठी ड्रायव्हर लिहिणारे कुलूप घेताना तेथील हाका क्षणभर बंद ठेवतात आणि काम उरकताच पुन्हा सुरू करतात. एक्स-1 पुढे बसलेल्या त्या तरुणाची धास्ती आजही खोटी ठरलेली नाही.

1972 साली डायक्स्ट्रा यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 1984 पासून 1999 पर्यंत त्यांनी अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. प्रोग्रॅमवर जगणारा हा माणूस लिहीत असे मात्र फाउंटन पेनने. क्रमांक घातलेली त्यांची टिपणे तेराशेहून अधिक भरली. 6 ऑगस्ट 2002 रोजी हॉलंडमधील न्यूनन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांची मुख्य शिकवण मला अशी वाटते : दहा वेळा तपासून हिशेब बरोबर आला, म्हणजे अकराव्या वेळी येईलच असे नाही. बरोबर का येतो, हे आधी विचाराने सिद्ध करावे लागते. आमच्याकडे दहा वेळा तपासले आणि माणसावर शेरा मारला.

सरांनी काढलेले दोन बाण मी कागदावर उतरवून मामांना दाखवले. मामा बराच वेळ पाहत राहिले आणि दुसऱ्या दिवशी तो कागद अण्णांकडे घेऊन गेले. शेरा अजून दप्तरी आहे, पण जेवणाचा डबा पुन्हा एक झाला आहे. हाच लेख कन्नड विभागासाठीही लिहून द्यावा, असे मी ठरवले आहे. कारण अण्णांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही.