तळ्याएवढी जमीन

चंद्रपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला कोळसा आठवतो, वीज केंद्र आठवते आणि ताडोबाचा वाघ आठवतो. पण पावसाळा सरताना कधी सिंदेवाही-नागभीडच्या वाटेने जावे, किंवा वैनगंगा ओलांडून आरमोरीकडे वळावे. धानाच्या हिरव्या बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीची पाळ दिसते आणि पाळीमागे तुडुंब पाणी. इथल्या तळ्यांची कथा सांगायला बसले, की चांद्याच्या एका गोंड राजाचे नाव हटकून निघते. तो राजा हिरशहा.

हिरशहा हा खांडक्या बल्लाळशहाचा मुलगा. या बापलेकांचे नाते पाण्याशी जडले ते आधीपासूनच. खांडक्याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला गेला असता तहानेने व्याकुळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला, तिथल्या झऱ्यात त्याने हातपाय धुतले आणि व्याधी बरी झाली, अशी आख्यायिका घरोघरी सांगतात. शहाण्या राणीने त्या पाण्याचे महत्त्व ओळखले आणि त्याच परिसरात नवी राजधानी वसली. तेच आजचे चंद्रपूर.

बापाने राजधानी वसवली, मुलाच्या वाट्याला राज्य वसवण्याचे काम आले. हिरशहाचा काळ साधारणपणे इ.स. १४९७ ते १५२२ असा मानला जातो. राज्य मोठे होते, पण त्यात रान अधिक आणि शेत थोडे. रान तोडायला माणसे हवीत आणि माणसे टिकायला पाणी हवे. हिरशहाने जाहीर केले, की जो जंगल साफ करील, त्याला ती जमीन मिळेल. आणि जो तळे बांधील, त्याला त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन इनाम मिळेल. पुढे इंग्रजी अमलात जमाबंदीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनीही ही परंपरा नोंदवून ठेवली.

या आज्ञेतली खरी खुबी बक्षिसाच्या मापात आहे. तळे दिसायला केवढे, पाळ किती उंच, याला मोल नव्हते. पाण्याखाली जमीन किती येते, त्याला मोल होते. उथळ तळे पसरट असले तरी पाऊस ओढ देताच आटायचे आणि धान निसवायच्या वेळी शेत कोरडे राहायचे. जो जागा नीट हेरील, खोली साधील आणि पाळ मजबूत घालील, त्याचीच जमीन वाढायची. तळ्यात पाणी किती मावते, याचा हिशेब त्या आज्ञेने शेताच्याच मापात मांडून ठेवला होता.

चांद्याच्या राज्यात तळी बांधणाऱ्यांत कोहळी समाज नावाजलेला. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीहून परतताना आपल्या पूर्वजांना सोबत आणले, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. उतार पाहून पाळ घालणे, सांडवा काढणे, पाटाने पाणी खाली नेणे, हे ज्ञान त्यांच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले.

हिरशहानंतर भूमा आणि लोकबा या त्याच्या मुलांनी मिळून राज्य केले. पुढे अकबराच्या काळात ऐने-अकबरीत चांद्याच्या बाबाजी राजाची, त्याच्या फौजेची आणि वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद झाली. हिरे केव्हाच संपले. तळी मात्र राहिली, वाढली, आणि मालगुजारांच्या हाती आल्यावर मालगुजारी तलाव म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावामागे 'माजी' लागले. आज त्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

प्रश्न आहे तो त्यांच्या पोटाचा. काठावरून तळे भरलेले दिसते. आत गाळ किती, हे दिसत नाही. दहा हेक्टरांचे तळे सरासरी दोन मीटर खोल असेल, तर त्यात दोन लाख घनमीटर पाणी मावते. तळाशी अर्धा मीटर गाळ साचला, की पन्नास हजार घनमीटर गेले. काठ तोच, पाळ तीच, पण पाव तळे नाहीसे! म्हणून नावेतून ठिकठिकाणी खोली मोजून तळाचा नकाशा करावा लागतो. पूर्वी त्यासाठी दोरीला शिशाचे वजन बांधून सोडत. आता ध्वनिलहरी तळावर आदळून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून खोली कळते. स्कॉटलंडमध्ये सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांनी १८९७ ते १९०९ या काळात ५६२ सरोवरे मोजली. आपल्याकडे २०१७ साली गाळमुक्त धरणाची योजना आली. पण गाळ उपसण्याआधी आणि उपसल्यानंतर तळाचा नकाशा हाती नसेल, तर किती पाणी परत मिळाले हे कळायचे कसे?

हिरशहापाशी असली यंत्रे नव्हती. पण त्याने ठरवलेले माप आजही लागू पडते. तळे किती मोठे, हे पाळीवर उभे राहून सांगू नये. पाळीखाली उतरावे आणि शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचते का, ते पाहावे. ती बांधी कोरडी राहू लागली, तर तळ्याचा तळ मोजायची वेळ आली आहे, हे गावाने ओळखावे.