लू गेरिग : एका निदानाची कथा

आजाराला नाव मिळाले म्हणजे निम्मे दुखणे गेले, असे आपण मानतो. अमेरिकन बेसबॉलपटू लू गेरिग याचे चरित्र वाचताना या समजुतीला धक्का बसतो.

लूचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे एका गरीब जर्मन कुटुंबात झाला. चार भावंडांत तो एकटाच जगला. आई लोकांकडे स्वयंपाकाची, साफसफाईची कामे करी. मुलाने शिकून मोठे व्हावे, ही तिची इच्छा. लू कोलंबिया विद्यापीठात गेलाही. पण १९२३ साली शिक्षण सोडून तो यांकीज संघात दाखल झाला. १ जून १९२५ पासून पुढे जवळजवळ चौदा वर्षे त्याने एकही सामना चुकवला नाही. पाठ धरलेली असो की बोटाचे हाड मोडलेले असो, लू मैदानावर हजर! लोक त्याला ‘लोखंडी घोडा’ म्हणत. तिकडे आगगाडीच्या इंजिनालाही हेच नाव आहे.

१९३८ च्या हंगामात या इंजिनाची वाफ कमी पडू लागली. पित्ताशयाचा दोष ठरवून त्याला पथ्य लावण्यात आले. हिवाळ्यात पत्नी एलिनॉरबरोबर बर्फावर स्केटिंग करताना तो वारंवार पडू लागला. वय झाले, असेही काहींना वाटले. जो कधी आजारी पडत नाही, त्याच्या आजाराची शंका कोण घेणार? खुद्द लूने अधिक सराव हाच उपाय मानला. झिजत चाललेल्या स्नायूंना त्याचा काय उपयोग!

१९३९ च्या पहिल्या आठ सामन्यांत त्याला अवघे चार फटके साधले. ३० एप्रिलला त्याने एक अगदी साधा चेंडू अडवला आणि सोबत्यांनी त्याची वाहवा केली. त्या कौतुकानेच तो काय ते समजला. २ मे रोजी डेट्रॉइट येथे त्याने व्यवस्थापक मॅकार्थी यांना आपले नाव वगळण्यास स्वतः सांगितले. तोवर सलग २१३० सामने झाले होते.

जूनमध्ये तो रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये गेला. सहा दिवस तपासण्या चालल्या. १९ जूनला, नेमक्या ३६ व्या वाढदिवशी, लेखी निदान हाती आले : अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच या रोगात मरतात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचे वर्णन करून ठेवले होते. तो बरा करणारे औषध मात्र तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. सामान्यांना समजावे म्हणून त्या पत्रात त्याला जुनाट पोलिओचा एक प्रकार म्हटले होते. वास्तविक हा रोग पोलिओहून अगदी वेगळा. खरे भवितव्य लूला कळू नये, यासाठी एलिनॉरची धडपड होती. मला ही लपवाछपवी पटत नाही. पण आहे त्या स्थितीत टिकण्याची निम्मी आशा आहे, असे त्याने तिला कळवले, तेव्हा तिने तरी काय करावे?

४ जुलैला साठ हजारांवर प्रेक्षकांनी त्याला निरोप दिला. पुढे १९४० च्या जानेवारीपासून तो न्यूयॉर्कमध्ये कैद्यांच्या सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळावर काम करू लागला. हाताने लिहिणे अशक्य झाले, तेव्हा सहीपुरता एलिनॉर त्याचा हात धरी. २ जून १९४१ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने राहत्या घरी प्राण सोडला.