चिंध्यांचे वस्त्र आणि खापराची थाळी

गाडगे फुटले की ते घराबाहेर पडते. फाटलेल्या लुगड्याच्या चिंध्या उकिरड्यावर जातात आणि पिचलेल्या बांगडीकडे कोणी पुन्हा वळून पाहत नाही. जगाने टाकून दिलेल्या ह्याच वस्तू एका माणसाने अर्धशतकभर अंगावर वागविल्या. ते म्हणजे संत गाडगे महाराज.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मळलेले वस्त्र धुऊन पुन्हा नेसण्याजोगे करणे हा ह्या समाजाचा परंपरागत व्यवसाय. दारूच्या व्यसनापायी वडिलांचा अकाली अंत झाला आणि आई सखुबाई लेकराला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. तेथे डेबूने गुरे राखली, शेतात घाम गाळला. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

त्यांच्या मुलीच्या बारशाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. अशा वेळी जातभाईंना मांस व मद्याची मेजवानी देण्याची रीत होती, मग त्यासाठी सावकाराचे कर्ज काढावे लागले तरी चालेल. डेबूजींनी ती रीत मोडून पाहुण्यांना साधे गोडधोड जेवण वाढले. नातलगांचा रोष पत्करून केलेला हा निर्णय त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याची नांदीच ठरला.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगात रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात झाडू आणि फुटक्या गाडग्याचे एक खापर. हे खापर म्हणजे त्यांची थाळी, तोच पाण्याचा पेला आणि उन्हात तीच टोपी. लोक त्यांना कधी गोधडेबुवा, कधी चिंधेबुवा म्हणत. शेवटी गाडगेबाबा हेच नाव रूढ झाले. नवे वस्त्र व नवी भांडी देणारे भक्त त्यांना पुष्कळ भेटले, पण आलेली वस्तू ते गोरगरिबांना वाटून मोकळे होत. १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आजारपणात आणून दिलेले कांबळे तेवढे त्यांनी स्वतःसाठी स्वीकारले, असे सांगितले जाते.

दिवसा गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम होता. पंढरीच्या वारीतही ते देवळात जाण्याऐवजी वारकऱ्यांनी केलेली घाण काढीत. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. सणासाठी कर्ज का काढता, लग्नात ऐपतीबाहेर पंगती का उठविता, जत्रेत मुक्या जनावराचा बळी का देता? घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, हा त्यांचा आग्रह होता. ज्याचे स्वतःचे ताट खापराचे, त्याच्या तोंडी हा उपदेश कोणालाही टोचला नाही.

२०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले व खेडोपाडी झाडू फिरला. काम चांगलेच झाले. तरीही एक खंत वाटते. बाबांचा झाडू आपल्या लक्षात राहिला, त्यांची गोधडी मात्र विस्मरणात गेली. झाडूने दुसऱ्यांचा कचरा निघतो. गोधडीमुळे स्वतःचा कचरा मुळात होतच नाही. ही दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे, कारण तिथे छायाचित्र काढण्याजोगे काही घडत नाही. दुकानात हात आखडता घ्यावा लागतो, एवढेच.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. तो सारा पैसा व मालमत्ता त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपविली, आपल्या कुटुंबाला त्यात वाटा ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ, वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच त्यांचे निधन झाले. त्यांचे स्वतःचे म्हणावे असे मागे उरले ते एक खापर, एक काठी, एक झाडू आणि ती चिंध्यांची गोधडी.