शाळेला कंटाळलेला डार्विन

मुलाला बुद्धी आहे, पण अभ्यासात मन रमत नाही, ही तक्रार आपल्याकडे घराघरांत ऐकू येते. अशा मुलाच्या आईवडिलांना धीर देण्यासाठी थोरामोठ्यांच्या बालपणाचे दाखले देण्याची पद्धत आहे. त्यांतील बरेचसे दाखले तपासून पाहिले तर टिकत नाहीत. आइनस्टाइन गणितात नापास झाल्याची कथा अशीच निराधार आहे. चार्ल्स डार्विनचे मात्र तसे नाही. तो शाळेत कंटाळला, वैद्यकीच्या वर्गात कंटाळला आणि केंब्रिजच्या व्याख्यानांनाही कंटाळला. १८७६ मध्ये मुलानातवंडांसाठी लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याने हे सारे कोणताही आडपडदा न ठेवता नोंदवून ठेवले आहे.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी या गावी झाला. वडील डॉ. रॉबर्ट डार्विन हे त्या परिसरातील नामांकित आणि सधन वैद्य, आजोबा इरॅस्मस डार्विन वैद्य आणि कवी, तर आई सुझॅना ही चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातील. आठव्या वर्षी चार्ल्सची आई वारली आणि १८१८ मध्ये त्याला गावातल्याच डॉ. सॅम्युअल बटलर यांच्या निवासी शाळेत घालण्यात आले. घर जेमतेम मैलभर अंतरावर. संध्याकाळची हजेरी झाली की हा मुलगा धावत घरी जाई आणि दारे बंद व्हायच्या आत धापा टाकत परत येई.

त्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक यांखेरीज फारसे काही शिकवले जात नसे. थोडासा प्राचीन इतिहास आणि भूगोल, एवढेच. व्हर्जिल किंवा होमरच्या चाळीस-पन्नास ओळी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळातच पाठ करून टाकण्याची हातोटी चार्ल्सने साधली होती. वर्गात त्या बिनचूक म्हणून दाखवायच्या आणि ४८ तासांत पार विसरायच्या, असा क्रम सात वर्षे चालला. अशा मुलाला मंद कोण म्हणेल? पण शाळेच्या लेखी तो सामान्यच होता. याच मुलाला एका खासगी शिक्षकाने युक्लिडची भूमिती शिकवली, तेव्हा तिच्या स्वच्छ सिद्धता पाहून तो हरखून गेला. काकांनी हवेचा दाब मोजण्याच्या यंत्रावरील सूक्ष्म मोजपट्टीचे तत्त्व समजावून दिले, त्याचा आनंद त्याला पन्नास वर्षांनंतरही आठवत होता. शाळेच्या जाड भिंतीतल्या एका जुन्या खिडकीत बसून तो तासन्‌तास शेक्सपिअरची ऐतिहासिक नाटके वाची.

थोरला भाऊ इरॅस्मस याने घरच्या बागेतील अवजारांच्या खोलीत रसायनांची छोटी प्रयोगशाळा थाटली होती. तेथे चार्ल्स त्याचा मदतनीस असे आणि रात्री उशिरापर्यंत दोघांचे वायू तयार करणे चाले. शाळेतल्या मुलांना ही बातमी लागली आणि त्यांनी त्याचे नाव गॅस ठेवले. डॉ. बटलर यांनी असल्या निरुपयोगी गोष्टींत वेळ दवडल्याबद्दल सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली. विज्ञानाची खरी गोडी लावणारा एकमेव उद्योग शाळेने उनाडपणा ठरवला. (त्या शाळेच्या जुन्या इमारतीत आज सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि दारासमोर १८९७ मध्ये बसवलेला पुतळा आहे तो डार्विनचा.)

घरची मते निराळी नव्हती. बंदूक, कुत्री आणि उंदीर पकडणे यांपलीकडे या मुलाला काही सुचत नाही, तो स्वतःला आणि घराण्याला काळिमा लावणार, असे एकदा रागाच्या भरात वडील बोलून गेले. ते बोल चार्ल्सच्या जिव्हारी लागले. तरीही वडिलांविषयीचा त्याचा आदर अखेरपर्यंत तिळमात्र कमी झाला नाही. वडील संतापी होते, पण दुष्ट नव्हते. शाळेत काही निष्पन्न होत नाही हे पाहून त्यांनी सोळाव्या वर्षीच त्याला तेथून काढले आणि १८२५ च्या ऑक्टोबरात मोठ्या भावासोबत वैद्यकी शिकण्यासाठी एडिंबराला पाठवले.

एडिंबराचे विद्यापीठ त्या काळी वैद्यकीसाठी ख्यातकीर्त होते. चार्ल्सच्या वाट्याला मात्र तेथील व्याख्यानांचा रटाळपणा आला. हिवाळ्यात सकाळी आठ वाजता औषधी द्रव्यांवरचे व्याख्यान ऐकणे ही त्याला शिक्षाच वाटे. शरीररचनेचे प्राध्यापक मन्रो यांचा विषय त्यांच्याइतकाच नीरस होई. मग शस्त्रक्रियागृह. भूल देण्याचा शोध लागण्यास अजून वीस वर्षे अवकाश होता. दोन शस्त्रक्रिया त्याने पाहिल्या, त्यांतील एक लहान मुलावरची. आणि दोन्ही वेळा त्या पुऱ्या होण्याआधीच तो बाहेर पळाला. ही दृश्ये पुढे अनेक वर्षे त्याची पाठ सोडीनात. येथे कंटाळ्याचा प्रश्न नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. हे काम आपल्याला कदापि जमणार नाही, हे त्याला तेथे उमगले. वडिलांनाही रक्त पाहवत नसे, हा योगायोग बोलका आहे.

आणखी एक गोष्ट त्याने प्रामाणिकपणे सांगितली आहे. वडील आपल्यासाठी सुखाने जगता येईल एवढी मालमत्ता ठेवून जाणार, ही खात्री त्याला याच सुमारास पटली आणि वैद्यकीसाठी नेट लावण्याची उरलीसुरली इच्छाही मावळली. डार्विनचे उदाहरण देणाऱ्यांनी हे वाक्य गाळू नये. रोजच्या भाकरीची चिंता असलेल्या घरातील मुलाला असे दोनदा वाट सोडून भटकणे परवडले नसते.

पण वर्गाबाहेरचे एडिंबरा विलक्षण होते. चार्ल्स राहत होता त्याच लोथियन स्ट्रीटवर जॉन एडमनस्टन नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहत असे. दक्षिण अमेरिकेतील गयानामधील गुलामगिरीतून मुक्त झालेला हा माणूस मृत पक्ष्यांची कातडी सोलून, त्यांत भर घालून ते टिकवण्याच्या कलेत निष्णात होता. चार्ल्सने एक गिनी मोजून दोन महिने, रोज तासभर, त्याच्याकडे शिकवणी लावली. रटाळ व्याख्यानांतून पळणारा हा विद्यार्थी या शिकवणीत रमला. पुढे बीगलच्या प्रवासात शेकडो पक्षी सुस्थितीत इंग्लंडला पोहोचले, त्यामागे हा हात होता.

दुसरे गुरू रॉबर्ट ग्रँट. ओहोटीच्या वेळी फर्थ ऑफ फोर्थच्या किनाऱ्यावरील डबक्यांत उतरून ते समुद्री जीव गोळा करीत आणि चार्ल्स त्यांच्यासोबत असे. शिंपल्यांत सापडणारे काळे ठिपके एका समुद्री शेवाळाचे बीज आहे असा तेव्हा समज होता. ती एका प्रकारच्या जळवेची अंडी आहेत हे चार्ल्सने दाखवून दिले आणि २७ मार्च १८२७ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीत ते मांडले. तीनच दिवस आधी ग्रँट यांनी ती निरीक्षणे दुसऱ्या एका संस्थेत स्वतःच सादर केली होती. वैज्ञानिक जगातील हेव्यादाव्यांचा पहिला धडाही त्याला असा मिळाला. उलट प्राध्यापक जेमसन यांची भूशास्त्रावरील व्याख्याने ऐकून आयुष्यात या विषयाचे पुस्तक उघडायचे नाही, असा निश्चय त्याने केला. गंमत अशी की, पुढे वैज्ञानिक म्हणून त्याचे पहिले नाव झाले ते भूशास्त्रातच.

वैद्यकी सुटली. आता धर्मोपदेशक करावे, असे वडिलांनी ठरवले आणि जानेवारी १८२८ मध्ये चार्ल्स केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाला. मधल्या काळात ग्रीक इतके विसरले होते की, आधी काही महिने घरी शिकवणी लावावी लागली. केंब्रिजची तीन वर्षे, अभ्यासाच्या दृष्टीने, आपण वाया घालवली असे तो म्हणतो. बीजगणितासाठी शिक्षक लावला आणि सोडून दिला. याची खंत मात्र त्याला पुढे वाटत राहिली. शिकार, घोडेस्वारी, मेजवान्या, पत्ते यांत दिवस जात. आणि भुंगेरे! दूरच्या नात्यातील भाऊ फॉक्सने हा नाद लावला होता. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले, ते त्याने दोन हातांत धरले. तेवढ्यात तिसरा दिसला. तोही सोडवेना, म्हणून उजव्या हातातला त्याने तोंडात टाकला. त्या किड्याने तिखट जळजळीत द्रव सोडला, तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. या छंदाला परीक्षेत गुण नव्हते, पण एका ग्रंथात त्याने पकडलेल्या कीटकाखाली त्याचे नाव छापून आले, तेव्हा त्याला जो आनंद झाला तो कोणत्याही पदवीने झाला नसावा.

पदवीही मिळालीच. अखेरचे काही महिने नेटाने अभ्यास करून जानेवारी १८३१ च्या परीक्षेत, ऑनर्स न घेणाऱ्या १७८ विद्यार्थ्यांत, तो दहावा आला. मनात आणले की तो काय करू शकत असे, याचा हा पुरावा. पण त्याचे खरे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांच्यासोबतच्या लांबलांब फेरफटक्यांत होत होते. हेन्स्लोंनी त्याच्या भटकणाऱ्या कुतूहलाला दटावले नाही. त्याला काय पाहावे, कसे नोंदवावे हे दाखवले आणि भूशास्त्राशी त्याचा मोडलेला सलोखा पुन्हा जुळवून दिला. त्यांच्याच सांगण्यावरून प्राध्यापक सेजविक यांनी त्या ऑगस्टात त्याला वेल्सच्या डोंगरांत सोबत नेले.

तेथून २९ ऑगस्टला घरी परततो तो हेन्स्लोंचे पत्र आलेले. बीगल नावाचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांची पाहणी करण्यास निघत होते आणि कॅप्टन फिट्झरॉय यांना सोबतीला एक निसर्ग अभ्यासक हवा होता. वडिलांनी नकार दिला. शाळा झाली, वैद्यकी झाली, धर्मशास्त्र होत आले आणि आता पुन्हा नवे खूळ, अशी त्यांची भावना असल्यास नवल नाही. मात्र समंजस माणसाने अनुकूल सल्ला दिल्यास आपण संमती देऊ, एवढी फट त्यांनी ठेवली. तो समंजस माणूस म्हणजे मामा जोसाया वेजवुड. वडिलांचे आठ आक्षेप चार्ल्सने कागदावर उतरवून मामांपुढे ठेवले. मामांनी एकेकाचे उत्तर लिहून पाठवले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच भाच्याला घेऊन श्रूजबरी गाठले. वडिलांनी शब्द पाळला.

२७ डिसेंबर १८३१ ते २ ऑक्टोबर १८३६ हा तो प्रवास. जहाज लागण्याच्या त्रासाने बेजार झालेला हा तरुण पाच वर्षे टिकला. ७७० पानांची दैनंदिनी, ५,४३६ नमुन्यांची यादी, शिवाय भूशास्त्राच्या टिपणांचे भारे. परतीच्या वाटेवर असेन्शन बेटावर बहिणींचे पत्र मिळाले. चार्ल्स मोठा शास्त्रज्ञ होणार, असे सेजविक यांनी घरी येऊन वडिलांना सांगितल्याचे त्यात लिहिले होते. ते वाचून तो उड्या मारत त्या बेटाचे डोंगर चढला आणि त्याच्या हातोडीच्या घावांनी ज्वालामुखीचे खडक दणाणून गेले. वडिलांच्या त्या जुन्या बोलांची सल त्या दिवशी किती उरली असेल?

या प्रवासापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पुढची एक हकिगत. चिलीच्या किनाऱ्यावर १८३५ मध्ये एका शंखाच्या कवचात सूक्ष्म भोक पाडून राहणारा जीव त्याला सापडला होता. तो बार्नॅकलच्या, म्हणजे खडकांना आणि जहाजांच्या बुडाला चिकटून राहणाऱ्या टणक कवचाच्या प्राण्यांच्या, कुळातला. १८४६ च्या ऑक्टोबरात त्याचे वर्णन लिहून टाकावे म्हणून डार्विन बसला. त्यासाठी जवळचे नातलग तपासावे लागले, मग त्यांचे नातलग. बघता बघता आठ वर्षे गेली. त्यांतील दोन आजारपणात गेली. १८५१ मध्ये लाडकी मुलगी अ‍ॅनी गेली. या प्राण्यांचा आपल्याला आलेला तिटकारा त्याने एका पत्रात लिहून ठेवला आहे, पण काम सोडले नाही. घरातल्या मुलांच्या हे इतके अंगवळणी पडले होते की, त्यांतल्या एकाने शेजाऱ्यांकडे गेला असता त्या घरचे वडील आपले बार्नॅकल कोठे करतात, असे विचारले. १८५४ पर्यंत चार ग्रंथ पूर्ण झाले. एका विषयावर तासभर न टिकणारा तो शाळकरी मुलगा आणि हा गृहस्थ एकच. कामाचा प्रश्न आता त्याचा स्वतःचा होता: प्राणिजाती एकमेकींपासून कोठे वेगळ्या होतात आणि कोठे होत नाहीत. दोन दशके मनात घोळणाऱ्या सिद्धांताचा पाया त्या कवचांत तपासला जात होता.

चंचलपणा गेला होता का? पूर्णपणे नाही. त्याने त्याची सोय लावली होती. डाउन गावच्या घरात तो सकाळी दीड-दीड तासाच्या दोन बैठका करी आणि दुपारपर्यंत दिवसाचे काम झाले असे मानी. तीस-चाळीस विषयांच्या फायली फळ्यांवर लावलेल्या असत. काही वाचले की नोंद ज्या त्या फायलीत. एका विषयाचा शीण आला की दुसरा हाताशी असे. जाड पुस्तक धरायला अवघड गेले, तर तो ते मधोमध फाडून दोन करी. ग्रंथप्रेमींना हे रुचणार नाही. गांडुळांवर त्याने १८३७ मध्ये पहिला निबंध वाचला आणि त्यावरचे पुस्तक १८८१ मध्ये काढले. मधल्या काळात, २४ नोव्हेंबर १८५९ रोजी, प्राणिजातींच्या उत्पत्तीवरचा तो जगप्रसिद्ध ग्रंथ येऊन गेला होता.

एक गोष्ट मात्र हातची गेली. शाळेच्या खिडकीत बसून वाचलेला शेक्सपिअर उतारवयात त्याने पुन्हा उघडून पाहिला, तो त्याला असह्य कंटाळवाणा वाटला. कवितेचीही गोडी उरली नव्हती. या हानीचे त्याला वाईट वाटे.

अखेरच्या वर्षी नॉर्थॅम्प्टनच्या एका बूट व्यावसायिकाने, वॉल्टर क्रिक याने, त्याला एक भुंगेरा पाठवला. पाण्यात राहणाऱ्या त्या भुंगेऱ्याच्या पायाला एक इवलासा शिंपला घट्ट चिकटलेला होता. गोड्या पाण्यातील शिंपले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कसे पोहोचत असावेत, याचे उत्तर त्यात होते. त्यावरचे डार्विनचे टिपण नेचर साप्ताहिकात ६ एप्रिल १८८२ रोजी छापून आले. १९ एप्रिलला तो वारला. क्रिकचा नातू फ्रान्सिस याने १९५३ मध्ये जेम्स वॉटसनसमवेत डीएनएची रचना उलगडली.